मोजणीदारांचा खोटा खडा

त्यांच्याविरुद्ध मी एकंदर चार लेखी पत्रे पाठवली. पहिले पोस्टमास्तरांकडे, दुसरे वाचनालयाच्या कार्यवाहांकडे, तिसरे मामलेदार कचेरीत आणि चौथे खुद्द त्यांच्याकडे, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. पोचपावती परत आली तेव्हा सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा होता. ज्या गृहस्थाने तीस वर्षे सरकारी मोजणी खात्यात काढली, ज्याच्या हातचे नकाशे कचेरीत आधाराला घेतले जात, त्याने अंगठा उठवावा याचा मला बसलेला धक्का आजही पुरता ओसरलेला नाही. साक्षर इसमाने स्वतःला निरक्षर भासवणे कोणत्या कलमाखाली गुन्हा ठरते, हे मी पुष्कळ शोधले. सापडले नाही. असायला हवे होते.

नगरजवळच्या आमच्या बेलापुरात सगळे त्यांना मोजणीदारसाहेब म्हणत. सेवानिवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी टाक, दौत, पेन्सिली सगळे मदतनिसाला देऊन टाकले आणि त्यानंतर कागदाला हात म्हणून लावला नाही. वाचत असत, लिहीत नसत. किराण्याची यादी नाही, भाच्याला पत्र नाही, सही नाही, पोस्टाच्या पावतीवरसुद्धा नाही. पहिली तक्रार त्याचीच होती.

"लिहिलं की डोकं रजेवर जातं," ते म्हणत. "माझं तीस वर्षं रजेवर होतं. आता कुठं कामावर हजर झालंय. पुन्हा पाठवायचं नाही."

हे हजर झालेले डोके एकट्यापुरते न ठेवता त्यांनी वाचनालयाच्या ओसरीवर स्मरणाचा वर्ग काढला. सकाळी साडेसहा ते साडेसात. फी नाही, पाटी नाही, वही नाही. प्रवेश तिशीच्या पुढच्यांनाच. लहान मुलांना पाठांतराला शाळा आहे, गळती मोठ्यांना लागते, तेव्हा मोठ्यांनी यावे, असा त्यांचा हिशेब. एक अठ्ठावीस वर्षांचे शाळामास्तर मोठ्या उत्साहाने आले होते. त्यांना हे म्हणाले, "दोन वर्षं नीट विसरून या, मग बघू." मास्तर रागावून गेले ते परत आले नाहीत.

वाचनालयाची सार्वजनिक ओसरी कमिटीच्या ठरावाशिवाय वापरली जात होती. ही माझी दुसरी तक्रार. तिच्यासाठी पुरावा गोळा करावा म्हणून मी एका सकाळी तिथे जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला बसायला सांगितले, समोरच्या परातीवरचे उपरणे उचलले, मनात वीस आकडे मोजले आणि पुन्हा झाकले. परातीत एकवीस वस्तू होत्या. अडकित्ता, बिब्बा, बैलाच्या गळ्यातली घंटी, तुटकी चावी, असे काहीबाही. मला नऊ आठवल्या. शेजारी बसलेल्या दगडू टेलरने एकवीसच्या एकवीस सांगितल्या, वर घंटीला आतला लोळा नाही हेही सांगितले. हा दगडू वर्गात येण्यापूर्वी एकाच्या मापाची विजार दुसऱ्याला शिवून देण्याबद्दल प्रसिद्ध होता. मी दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्याही दिवशी गेलो. तक्रार मागे घेतली नाही, पण गेलो.

मी त्या वेळी गावातल्या एका सहकारी संस्थेत आस्थापना लिपिक होतो. वय अडतीस. कायद्याची पदवी नव्हती, तरी नियम पाठ असत, म्हणून लोक मला वकीलसाहेब म्हणत. त्यात मान किती आणि टोमणा किती हे बोलणाऱ्यावर अवलंबून असे.

मोजणीदारसाहेबांची शिकवण्याची तऱ्हा विचित्र होती. कधी टोपी उलटी घालून येत आणि वर्ग सुटताना विचारत, आज माझ्यात काय वेगळे होते. आपल्याच घराच्या उंबऱ्याला खिळे किती, हा प्रश्न त्यांनी एका भुसार व्यापाऱ्याला केला. ते गृहस्थ घरी जाऊन उंबऱ्यावर ओणवे झाले, तेव्हा बायकोने कपाळाला हात लावून बघितला म्हणे. मला त्यांनी एकदा भर बाजारात हात आडवा घालून थांबवले.

"वकील, आत्ता ज्या दुकानातनं बाहेर पडलात, त्याच्या फळ्या कुठल्या रंगाच्या?"

मला सांगता येईना. चार माणसे हसली. सार्वजनिक रस्त्यावर अडवणूक केल्याबद्दल मामलेदार कचेरीला गेलेली तिसरी तक्रार ती हीच. उत्तर आले नाही.

स्मरणासाठी बदाम, ब्राह्मी, तेल यांची त्यांना चीड होती. "बदाम खाल्ल्यानं बदाम आठवतील," म्हणत. त्यांचा इलाज एकच. जे आठवायचे ते एखाद्या जागी नेऊन ठेवायचे आणि आपणही तिथे जाऊन उभे राहायचे. "जमीन मोजताना मी काय करायचो? एक खुणेचा दगड धरायचा आणि तिथनं साखळी टाकायची. तुमचीही जागा धरा. पाय कुठं आहेत ते आधी सांगा, मग डोळ्यांना काय दिसतंय ते सांगा."

या पद्धतीचा कळस म्हणजे त्यांचा आवडता खेळ, खोटा खडा. रोज दुपारी ते गावातून दोन फेऱ्या मारत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काल पाहिलेल्या एकवीस गोष्टी सांगत. आम्ही डोळे मिटून ऐकायचे. प्रत्येक गोष्ट जागेवर ठेवायची, तिचा रंग बघायचा, वास घ्यायचा. एकविसांतली एक धडधडीत खोटी असे. कोणती, हे त्या दिवशी कोणी बोलायचे नाही, अशी सक्त ताकीद. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याने त्याने आपला अंदाज सांगायचा आणि मग साहेब खडा काढून टाकत. धान्य निवडताना खडा वेचून टाकतात तसा तो टाकला, की त्यावर पुन्हा बोलणे नाही.

वर्गात एक उस्मानभाई होते. आमच्याच संस्थेच्या गोदामावर दिवसाचे पहारेकरी. पन्नाशीचा, उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्यांच्या जुडग्यात सारख्याच दिसणाऱ्या बऱ्याच किल्ल्या होत्या आणि कोणती कोणत्या कुलपाची हे त्यांना आठवत नसे, म्हणून ते वर्गात आले. दोन महिन्यांत त्यांना किल्ल्या डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखू येऊ लागल्या. साहेबांचा त्यांच्यावर विशेष जीव होता.

ते बहात्तरचे दुष्काळी साल होते. आमच्या गोदामात वाटपाची लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, येऊन पडे आणि लोक सकाळपासून पिशव्या घेऊन उभे असत. अशात एका शनिवारी वाटपाच्या वेळी सहा पोती कमी भरली. मागच्या खिडकीचे गज वाकवलेले निघाले. मागे शेळ्या चारणाऱ्या एका बाईने सांगितले, की मंगळवारी साडेतीनच्या सुमाराला दोन माणसे पोती नेताना तिने पाहिली. संस्थेची समजली म्हणून ती गप्प राहिली.

पहारेकरी त्या वेळी जागेवर होता की नाही, एवढाच प्रश्न चौकशीपुढे उरला. मंगळवारी त्याच सुमाराला मी रजिस्टर पत्र टाकायला पोस्टात गेलो होतो, आणि पोस्ट बसस्टँडच्या समोर. चेअरमनांनी बंद खोलीत मला बोलावून विचारले, काही पाहिलेत का.

मला लख्ख आठवत होते. मी पोस्टाच्या पायरीवर उभा. नेवाशाची एस. टी. पंक्चर होऊन थांबलेली. कंडक्टर टोपीने वारा घेत होता. पोस्टमास्तरांच्या चष्म्याची एक काडी तुटून तिथे दोरा बांधलेला. आणि समोर चहाच्या गाड्यापाशी उस्मानभाई, हिरव्या काठाच्या बशीतून चहा पीत. मी ते तसेच सांगितले. माझ्या जबाबाची भाषा इतकी रेखीव होती, की चेअरमन म्हणाले, असा साक्षीदार कोर्टातही मिळत नाही. मला ते आवडले.

उस्मानभाईंना माझे नाव सांगण्यात आले नाही. आपण कुठे आणि काय करताना दिसलो, हेही सांगण्यात आले नाही. उलटतपासणीची संधी दिली गेली नाही. "कामाच्या वेळेत जागा सोडून अन्यत्र आढळल्याचे सिद्ध झाल्याने" बडतर्फ, एवढेच हुकुमात होते. आरोपीला आरोपाचा तपशील कळलाच पाहिजे, यावर मी तोपर्यंत निरनिराळ्या कचेऱ्यांना डझनभर पत्रे लिहिली असतील. या हुकुमाचा मसुदा मात्र माझ्याच हातचा होता, आणि तो लिहिताना त्यांतले एकही पत्र मला आठवले नाही.

चौकशी चालू असताना मोजणीदारसाहेब एकदा आमच्या कार्यालयात आले होते. माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "मंगळवारी साडेतीनला मी गोदामावरनं गेलो. उस्मान फाटकात बसला होता. हे नोंदवून घ्या."

"बाहेरच्या व्यक्तीचे निवेदन लेखी अर्जाशिवाय घेता येत नाही," मी म्हणालो.

"तोंडी सांगतोय ना."

"सहीचा लेखी अर्ज."

त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले. "तो कुठं होता म्हणतात तुमचे लोक?"

"चौकशी गोपनीय आहे."

ते गेले. मला वाटले, म्हातारा शिष्यासाठी शब्द टाकायला आला होता. मी प्रत्यक्ष पाहिले होते. ते सांगत होते ते मायेपोटी. आपल्या डोळ्यांवर एवढा विश्वास मी पूर्वी कधी ठेवला नव्हता, आणि तो त्यांच्याच वर्गाने मला दिला होता.

ईद होऊन गेली. उस्मानभाई वर्गाला येईनासे झाले होते; ते देवळाली प्रवराच्या रस्त्यावर दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात असे कळले. साहेब महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जुन्या खड्यांची उजळणी घेत. त्या सकाळी त्यांनी दगडूला उभे केले.

गोदामातली पोती गेली त्या आठवड्यापासून दगडू घडाघडा सांगू लागला. "सोमवारी सांगितल्याला, पारावरची सायकल. मंगळवारचा, डाक्टरची छत्री. बुधवारचा, उस्मानभाईचा चहा."

वर्ग हसला. "त्यो तर लईच सोपा हुता," कोणीतरी म्हणाले.

"बुधवारचा खडा न्हाव्याच्या तडकलेल्या आरशाचा होता," मी म्हणालो.

"वकीलसाहेब, तुमी बुधवारी दुपारीच नगरला गेल्ता. गुरवारी खडा काढला तवा तुमी न्हवता," दगडू म्हणाला. "आरशाचा तडा खरा हाय. जाऊन बघा, आजून तसाच हाय."

"उस्मानला स्टँडवर चहा पिताना मी स्वतः पाहिले आहे."

साहेब माझ्यासमोर येऊन खाली बसले.

"पाय कुठं होते तुमचे?"

"पोस्टाच्या पायरीवर."

"त्याच्या हातात काय होतं?"

"बशी. हिरव्या काठाची."

"पोस्टाच्या पायरीवरनं चहाच्या गाड्यावरच्या बशीचा काठ दिसतो, वकील?"

मधे सगळे स्टँड पडते. माणूस कोण ते ओळखता येईल. बशीचा काठ दिसत नाही.

"हिरवा काठ मी घातला होता," ते म्हणाले. "चार दिवस कुणाला खडा सापडेना, म्हणून मुद्दाम सोपा केला. रोजे चालू होते. उस्मान तुमच्याशेजारीच बसला होता, गालात हसत. दुसऱ्या दिवशी त्यानंच उठून खडा काढला." मग त्यांचा आवाज खाली गेला. "हे तुम्ही कुठं सांगितलंत का?"

आयुष्यात मी आग लागलेली पाहिली आहे, पूर पाहिला आहे. त्या ओसरीवर मला जे झाले ते पुन्हा कधी झाले नाही. नेवाशाची एस. टी., कंडक्टरची टोपी, दोरा हे सगळे मी खरोखर पाहिले होते. त्याच चित्रात तो माणूसही उभा होता, इतरांइतकाच स्पष्ट. आजही आहे. खोटा आहे हे कळून पन्नास वर्षे झाली, तरी तो तिथून हललेला नाही.

मी घरी गेलो आणि पत्र लिहायला बसलो. चौथे पत्र ते हेच. "आपल्या बेजबाबदार खेळामुळे एका निरपराध इसमाची उपजीविका गेली असून त्याचा खुलासा सात दिवसांत व्हावा." साहेब माझ्या घरापासून चार घरे सोडून राहत होते. पत्र रजिस्टरने पाठवले. दोन दिवस ते पोस्टात फिरत होते आणि उस्मानभाई उन्हात खडी फोडत होते. याचा राग कोणावर धरावा हे मला तेव्हा कळले नाही. आता कळते.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्या दारात उभे. "वाचलं. सगळं खरं आहे. आता चप्पल घाला."

आम्ही देवळालीच्या रस्त्याने निघालो. कामावर उस्मानभाई खडीच्या ढिगाशी बसले होते, डोक्याला फडके बांधून. बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. मी जे सांगायचे ते उभ्यानेच सांगितले. त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"म्हंजी तुमी हुता व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं, कुनीतरी जुनी खुन्नस काढली. रातंदिस इचार करीत हुतो, आपुन कुनाचं काय वाईट केलंय."

"तुम्ही चहा पीत होता असे मी सांगितले."

"चहा?" त्यांनी डोक्याचे फडके सोडले. "वकीलसाहेब, रोजे हुते. थुंकी गिळताना इचार करीत हुतो मी. ह्ये मला कुनी इचारलंच न्हाई. येकानं जरी इचारलं आस्तं, का बाबा तू चहा पीत हुतास का, तर मी तितंच हासलो आस्तो."

साहेब त्यांच्यापुढे वाकले. काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही. उस्मानभाईंनी त्यांचे हात धरले आणि म्हणाले, "तुमचं काय न्हाई साहेब. तुमी खोटं म्हनूनच सांगितलं हुतं."

फेरचौकशीचा अर्ज मी त्याच दिवशी केला. खोलीत चेअरमन, दोन संचालक, मी, उस्मानभाई आणि दाराशी मोजणीदारसाहेब. चेअरमन म्हणाले, बाहेरच्या माणसाला लेखी अर्जाशिवाय बोलता येणार नाही, आणि वकिलांचेच तसे टिपण आहे. टिपण माझेच होते.

साहेबांनी कागद मागितला.

माझ्या टेबलावरचा टाक त्यांनी उचलला, तेव्हा मला तिथे थांबवेना. तरी थांबलो. नकाशावर असते तसे बारीक, सुटे अक्षर. मंगळवार, दुपारी साडेतीन, गोदामाचे फाटक. उस्मान स्टुलावर बसून दाभणाने फाटके पोते शिवत होता. आपण "काय उस्मान" म्हटले, त्याने "ऊन लई हाय साहेब" म्हटले. खाली सही केली, पूर्ण नावाची. ती सही मी प्रथमच पाहत होतो.

चेअरमनांनी कागद वाचला. "साहेब, तुम्ही रोज एकवीस गोष्टी सांगता, त्यांत एक खोटी, असं या वकिलांनीच अर्जात लिहिलंय. मग या कागदावरची खोटी कोणती?"

संचालक हसले. ज्या माणसाला गावाची प्रत्येक चौकट पाठ होती, त्याच्या शब्दाला त्या खोलीत किंमत उरली नव्हती, आणि ती घालवणारा अर्ज माझ्या हस्ताक्षरात होता.

"माझा जबाब खोटा होता," मी म्हणालो.

"तेव्हाचा का आत्ताचा?"

"तेव्हाचा."

"कारवाई होईल."

"व्हावी."

शेवटी चेअरमनांनी सांगितले, की संशयाचा फायदा देऊन उस्मानला कामावर घ्यायला हरकत नाही. मी उठून हरकत घेतली. संशय नाहीच, तर फायदा कसला, शब्द बदला, असे मी मोठ्याने बोललो असेन. उस्मानभाईंनी मला हातानेच बसवले.

"चेअरमनसाहेब, संशय तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मला किल्ल्या द्या."

माझ्या सेवापुस्तकात ठपका नोंदवला गेला. त्यावर मी अपील केले नाही. आयुष्यात अपील न केलेला तेवढा एकच हुकूम. पोती कोणी नेली हे कधी उघडकीस आले नाही. त्याबद्दलची माझी पत्रे संस्थेत धूळ खात असतील.

मोजणीदारसाहेबांनी वर्ग बंद केला नाही. खोटा खडा मात्र बंद केला. परातीतल्या वस्तूंत लोकांना फार दिवस गोडी राहिली नाही, एकेक जण गळत गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात ओसरीवर साहेब आणि दगडू असे दोघेच दिसत. मी गेलो नाही. जाण्याचे तोंड नव्हते.

एक गोष्ट मी कार्यालयाच्या खिडकीतून रोज पाहत असे. साडेतीन वाजता साहेब गोदामाच्या फाटकाशी येत. उन्हात, काठी टेकत, न चुकता. उस्मानभाई स्टुलावरून उठत. साहेब त्यांच्याकडे नीट बघून घेत, आणि वळून परत जात. उस्मानभाईंना लाज वाटे.

"साहेब, रोज कशाला त्रास घेता?" एकदा ते म्हणताना मी ऐकले. "मी हितंच हाय."

"तेवढंच बघायला येतो," साहेब म्हणाले.

चार वर्षे हे चालले. ज्या दिवशी ते आले नाहीत, त्या दिवशी पावणेचार वाजता उस्मानभाईंनी फाटकाला कुलूप घातले, माझ्या खिडकीपाशी येऊन सांगितले, "वकीलसाहेब, मी जागा सोडून चाललोय, लिहून ठेवा," आणि ते साहेबांच्या घराकडे धावत सुटले.

मी लिहून ठेवले.